शिकवलेली सही

कंपनीच्या रजिस्टरात ठरावाच्या खाली मावशींची जी सही आहे, ती मी शिकवलेली आहे. पहिलं अक्षर जरा मोठं, पुढची अक्षरं वर चढत गेलेली आणि आडनावाच्या शेवटी एक छोटी आडवी रेघ. ती रेघ मात्र त्यांची स्वतःची. "शेवटाला कायतरी पायजे ना बाई, न्हाईतर कुनीबी पुढं लिहील," असं म्हणून त्यांनी ती जोडली होती. पुढं कुणी काही लिहिलं नाही. जे लिहिलं ते सहीच्या वर लिहिलं होतं, आणि ते मी वाचलं नव्हतं.

आमच्याकडे, म्हणजे जुन्नर-आंबेगावात, आता शेतकऱ्यांच्या कंपन्या झाल्या आहेत. कंपनी म्हटलं की लोकांना भोंगा आणि गेटवरचा वॉचमन आठवतो. ही तशी नाही. सभासद शेतकरी, माल शेतकऱ्यांचा आणि कारभार बघायला संचालक मंडळ. मंडळावर बायका असल्या की कंपनीची फाईल सरकारी टेबलांवरून जरा लवकर पुढं सरकते, म्हणून प्रत्येक कंपनीला बायका हव्या असतात. हव्या असतात म्हणजे यादीत हव्या असतात. यादीतल्या त्या बायकांना सभेच्या खुर्चीपर्यंत आणायचं, तिथं बोलतं करायचं, हे माझं काम. एका संस्थेत पगारावर करते आणि चांगलं करते, असं मी बरीच वर्षं छाती पुढं काढून सांगत आले.

मी राजुरीच्या बाजूच्या वस्तीतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ओतूरला बी.कॉम. केलं, रोज एसटीने जाऊन-येऊन. प्रवेशाच्या फॉर्मवर पालकाची सही लागते म्हणून बापाला घेऊन गेले होते. खिडकीतल्या क्लार्कने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच शाईचा पॅड पुढं सरकवला. बापाने अंगठा उठवला, पायजम्याला पुसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "इचारायचं तरी व्हतं त्यानं." बाप खरंच अंगठेबहाद्दर होता. पण न विचारल्याचं त्याला लागलं. मी त्याच आठवड्यात जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याला सही शिकवायला घेतली. दोन महिने लागले. मग तो गॅसच्या पावतीवर, लग्नातल्या आहेराच्या पाकिटावर, एवढंच काय, शेळीला टोचल्याच्या कागदावरसुद्धा सही करायला लागला. डॉक्टर म्हणाले, "काका, इथं सही लागत नाही." बाप म्हणाला, "असू द्या की, कुठं शाई तुमची जातीया."

तेव्हापासून सही म्हणजे माणसाची ताठ मान, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मावशी आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीतल्या. डोंगरातली वाडी, पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात हिरडा. हिरड्याची झाडं गडी चढतात, फांद्या झोडतात. खालचं वेचायचं, अंगणात पसरायचं, काळं कुळकुळीत होईपर्यंत वाळवायचं, हे सगळं बायांचं. पूर्वी जीपवाला व्यापारी यायचा. त्याचा काटा त्याच्या हातात, आकडा त्याच्या तोंडात. मग कंपनीने वाडीत, समाजमंदिराच्या पडवीत, स्वतःचा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला. लाल आकडे दाखवणारा. बाया पोतं ठेवायच्या आणि आकडा थांबेपर्यंत सगळ्या मिळून बघत राहायच्या. वजन होऊन गेल्यावर एखादी उगाच स्वतःच काट्यावर उभी राहायची आणि मग हशा.

संचालक व्हा म्हणून विचारायला गेले तेव्हा मावशींनी बराच वेळ हो-नाही केलं नाही. चूल फुंकत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी आले तर काटा हितंच ऱ्हाईल का?"

"तुम्ही मंडळावर असाल तर तुम्हाला विचारल्याशिवाय कोण हलवणार मावशी?"

"तसं लिवून देतीस का?"

मी हसले. "लिहून कशाला, तुमची सहीच लागेल त्याला."

"सही कुठं येती मला," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "ती मी शिकवते."

हा आमचा करार. त्यांनी तो पाळला.

मंडळात दहा जण, त्यांतल्या चार बाया. त्यांचा वर्ग मी घोडेगावजवळच्या एका विहाराच्या हॉलमध्ये घ्यायची. जागा आमच्या लोकांनी फुकट दिली होती. चेअरमन खालच्या बागायती गावचा. त्याची सूनही त्या चारांत होती. पहिले दोन दिवस तिने पाण्याची बाटली घरून आणली, तिसऱ्या दिवशी आणायची विसरली आणि विहारातल्या माठातलं पाणी प्यायली. पुढं तीच चहा करायला उठायची.

सतरंजी मी पहिल्याच दिवशी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. बायांना सभेत सतरंजी दिसली की त्या तिकडेच वळतात, आणि एकदा खाली बसल्या की खुर्चीवरच्या माणसाला मान वर करून उत्तर द्यावं लागतं. मावशी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

"मागं सरका की."

"सरकलं की पाय लोंबत्यात बाई. पाळन्यात बसल्यावानी वाटतंय."

"वाटू द्या. चेअरमनचे पण लोंबतात."

"व्हय?" सून पदर तोंडाला लावून हसली. "मामंजी तर लई बुटके. आमी घरात म्हनत न्हाई एवढंच."

वर्गात मी चेअरमन व्हायची. खांद्यावर टॉवेल टाकायचा, घसा खाकरायचा आणि कुठलाही ठराव भराभरा, अर्धा ओठांतल्या ओठांत वाचायचा. "विषय क्रमांक चार, सर्वानुमते मंजूर, सह्या करा." यावर बायांनी हात वर करून एकच वाक्य म्हणायचं होतं: "थांबा. परत वाचा." हाच धडा. ताळेबंद वगैरे नंतर, कायदा नंतर. आधी हे वाक्य घशातून बाहेर पडलं पाहिजे. पहिल्या दिवशी कुणाचंच पडेना. चौथ्या दिवशी मावशी अशा ओरडल्या की बाहेर झाडाखाली झोपलेला कुत्रा उठून पळाला.

सही शिकायला त्यांना बापापेक्षा कमी वेळ लागला. वही घरी न्यायच्या आणि भरून आणायच्या. एकदा वहीच्या पानांत हिरड्याचा डाग आला होता, काळा, न जाणारा. म्हणाल्या, "वेचता वेचता आठवली म्हनून लिवली."

खऱ्या सभेचा पहिला दिवस मी विसरणार नाही. मी मागं भिंतीला टेकून उभी होते, मला बोलायचा अधिकार नव्हता. चेअरमनने ठराव वाचायला घेतला, नेहमीच्या पद्धतीने, एका दमात. चार बाया खुर्च्यांवर, पदर नीट, हात मांडीवर. मावशींचा हात वर गेला.

"थांबा. परत वाचा."

चेअरमनने चष्म्यावरून पाहिलं. मग हसला. "मावशी, तुमी तर आमाला शाळंत बसवलं राव."

"मग नीट शिका की भाऊ," मावशी म्हणाल्या.

सगळे हसले, चेअरमनही हसला, आणि त्याने ठराव परत वाचला, हळू. त्या दिवशी परतताना मी बापाला फोन करून सगळं सांगितलं. बाप म्हणाला, "आता मरायला हरकत न्हाई मला." तो अजून जिवंत आहे, पण त्या दिवशी खरंच तसं म्हणाला होता.

आता ती पद्धत सांगते, जिच्यात आम्ही सगळे अडकलो.

तशा तीन सभा नीट झाल्या. मग डोंगरातल्या बाया येईपर्यंत उशीर होतो, एसटी वेळेवर नसते, गडी माणसांनाही कामं असतात, असं सुरू झालं. शेवटी नेहमीसारखं ठरलं: "रजिस्टर फिरवू." आमच्याकडच्या बहुतेक मंडळांत असंच चालतं. पतसंस्था असो, पाणीवाटप असो, शाळेची समिती असो. सभा कागदावर भरते. ऑफिसात बसून इतिवृत्त लिहायचं आणि मग रजिस्टर दारोदार फिरवून सह्या घ्यायच्या. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट बाईमाणसाला एवढ्या लांब यायला लावलं नाही, म्हणून तो चांगुलपणा समजतात.

सून एकदा वर्गात म्हणाली होती, "ताई, आमच्या घरात रजिस्टर ओट्यावर येतं. मी भाकरी थापता थापता सही करती. तुमच्याकडं मी संचालक, घरी मी सूनच." तिच्या सहीच्या पानांवर पिठाची बोटं असायची. मी ते हसण्यावारी नेलं. एकदा चेअरमनला मी म्हणाले होते, सभा बोलवत जा म्हणून. तो म्हणाला, "बोलवू की मॅडम, तेवढा हंगाम सरू द्या." मी गप्प बसले. मला त्या ऑफिसात चहा मिळत होता, 'मॅडम' म्हणत होते. आमच्या वस्तीतल्या पोरीला असं कुणी म्हणत नव्हतं पूर्वी. आता लिहिताना हे कबूल करते.

आणि एक दिवस रजिस्टर माझ्याच हातात दिलं गेलं.

आषाढ होता, भाताची आवणी चालू होती. वाडीत मला मावशींचे फोटो काढायला जायचं होतं, कारण दुपारी पुण्याहून आमच्या संस्थेचे पाहुणे येणार होते आणि त्यांना मी यशोगाथा सांगणार होते. यशोगाथा म्हणजे मावशीच. निघताना चेअरमन म्हणाला, "मॅडम, वर चाललाच आहात तर तेवढी मावशींची सही घेऊन या. बाकीच्यांच्या झाल्यात." मला वाटलं, केवढा विश्वास. लांब हिरव्या पुठ्ठ्याचं ते रजिस्टर मी पिशवीत न घालता हातात धरून एसटीत बसले.

मावशी खाचरात होत्या, गुडघाभर चिखलात, कोपरापर्यंत हात माखलेले. मी बांधावरून हाक मारली. वेचून-वेचून पाय टाकत त्या आल्या, पाटाच्या पाण्यात हात धुतले, लुगड्याला पुसले, परत धुतले. भुरभुर चालू होती. छत्री मी रजिस्टरवर धरली. त्यांच्या डोक्यावर नाही, रजिस्टरवर. मी पान उघडलं, बोट ठेवून जागा दाखवली.

मावशींनी पेन घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाच की बाई. काय लिवलंय?"

खाली रस्त्याकडून आहुप्याहून परत फिरलेल्या एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. ती चुकली की पुढची थेट संध्याकाळी.

"नेहमीचंच आहे मावशी. मागच्या सभेचं इतिवृत्त आणि दोन-चार ठराव. सगळ्यांनी केल्यात."

"तू वाचलंस?"

"हो."

मी वाचलं नव्हतं. पानावरून नजर फिरवली होती. एका ठरावात 'संकलन केंद्रांचे सुसूत्रीकरण' असे शब्द दिसले होते, आणि मी, बी.कॉम. झालेली, पुढं गेले होते.

"तू म्हनतीस म्हंजे झालं," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी सही केली. घाई केली नाही. पहिलं अक्षर मोठं, बाकीची चढत गेलेली, शेवटी रेघ. मला आठवतं, मी मनात म्हणाले होते, काय सुंदर सही आहे. एक फोटो काढला आणि पळत खाली गेले. एसटी मिळाली. पाहुण्यांना मी 'थांबा, परत वाचा' ची गोष्ट सांगितली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतर केव्हातरी एक टेम्पो वाडीत आला आणि काटा घेऊन गेला. दुरुस्तीला नेतो म्हणाले. कुणाला शंका आली नाही, कारण मावशी होत्या ना मंडळावर. चैत्रात बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, वाळून तयार झाला, पोती भरली, आणि मावशींचा फोन आला.

"बाई, काटा कवा येतुय? बाया इचारत्यात."

मी ऑफिसात फोन केला. चेअरमन म्हणाला, "मॅडम, वरची केंद्रं बंद केली की आपण. सगळं बाजाराच्या गावाला एकाच ठिकाणी. ठराव झालाय. रजिस्टर तर तुमीच नेलं व्हतं."

मला त्याच वेळी मावशींना फोन करून सांगता आलं असतं. मी नाही केला. बघते, चौकशी करते, असा मेसेज त्यांच्या मुलाच्या फोनवर टाकला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मावशी स्वतः खाली आल्या, वाडीतल्या सहा बाया बरोबर घेऊन. पहिल्या एसटीने निघालेल्या, बरोबर नमुन्याला एक पिशवी हिरडा. मी नेमकी ऑफिसात होते. काहीतरी जुळवाजुळव होते का बघायला गेले होते.

बाया दारातच उभ्या राहिल्या. मावशी मात्र आत आल्या आणि सरळ खुर्चीवर बसल्या, मागं सरकून, पाय लोंबू देऊन.

"भाऊ, आमचा काटा कुठं हाये?"

"मावशी, आता काय इचारता? तुमच्या मंजुरीनंच हलवला."

"माझ्या?"

चेअरमनने रजिस्टर उघडलं. तो काही ओरडला नाही. खरं सांगायचं तर त्याच्या आवाजात मस्तीही नव्हती. एका काट्यासाठी माणूस ठेवायचा, गाडी वर पाठवायची, परवडत नाही हो, असं तो आधी समजावून बोलला. मग पान उलटं करून मावशींपुढं सरकवलं आणि तिथं बोट ठेवलं. मी जिथं ठेवलं होतं तिथंच.

"ही सही कुनाची?"

मावशींनी पान पाहिलं. सही ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी बोलेन, म्हणून पाहिलं. त्यांनी थोडा वेळ दिला मला. मला एवढंच म्हणायचं होतं: मी यांना वाचून दाखवलं नाही, वाचलं म्हणून खोटं सांगितलं. दोन वाक्यं. चारचौघांत बोलायला जी बायांना शिकवते, तिच्या घशातून दोन वाक्यं निघाली नाहीत.

मावशींनी मान परत वळवली.

"माझीच हाये," त्या म्हणाल्या.

दारातून एक बाई म्हणाली, "आन आमाला सांगितलं बी न्हाई गं?" मावशी उठल्या, पिशवी उचलली आणि निघाल्या. बाया त्यांच्या पुढं चालत होत्या. येताना बरोबर आल्या होत्या, जाताना पुढं.

त्या वर्षी वाडीतला हिरडा जीपवाल्यानेच नेला. खाली पोती आणायची म्हटलं तर कंडक्टर एका बाईमागं एकच पोतं चढू देईना, आणि वळवाच्या सरी सुरू झाल्यावर अंगणातला माल काळाचा पांढरट पडायला लागला. जीपवाला पडवीत, जिथं कंपनीचा काटा होता तिथंच, स्वतःचा काटा अडकवून उभा राहिला. फरशीवर जुन्या काट्याचा चौकोनी डाग अजून होता.

मी ठराव परत मंडळापुढं आणायचा प्रयत्न केला. चेअरमन म्हणाला, "आणा की. हात वर करून मोजू." चेअरमनच्या सुनेला मी विहारात गाठलं. ती म्हणाली, "ताई, घरात बोलनं चाललं व्हतं काट्याचं, मला ठाऊक व्हतं. मला वाटलं तुमाला बी ठाऊक आसंल. तुमी रजिस्टर घेऊन गेलात ना." आणि माठाकडे तोंड फिरवून उभी राहिली. हात मोजले गेले. पुरेसे वर आले नाहीत.

संस्थेच्या अहवालात मी लिहिलं: 'एक संचालिका वैयक्तिक कारणास्तव सध्या सक्रिय नाहीत.' माझंच अक्षर आहे.

वाडीत जायला मला सहा महिने लागले. गेले तेव्हा भात कापणीला आला होता. समाजमंदिराच्या ओट्यावर दोघी-तिघी होत्या, त्यांनी पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मावशींचा दोष नाही, त्यांनी वाच म्हणून सांगितलं होतं, मी वाचलं नाही. बोलून झाल्यावर मला वाटलं काहीतरी हलकं होईल. एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "आमाला वाचता येत न्हाई म्हनून आमी फसतू. तुला तर येत व्हतं ना?"

मी पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला.

मग मावशींकडे गेले. त्या अंगणात होत्या. बस म्हणाल्या. चहा केला, गुळाचा. वाडीत काय सांगून आले ते सांगितलं, तर म्हणाल्या, "आता कशाला गेलीस? आता त्या मला बी नावं ठेवत्याल, आन तुला बी." त्या ओढ्यावर आता एकट्याच जायच्या, बायांची वेळ टळल्यावर, हे मला मावशींच्या घरच्या सुनेकडून कळलं. त्यांनी स्वतः सांगितलं नाही.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"घेऊन काय व्हनार व्हतं? सही तर माझी." मग म्हणाल्या, "तू बोलशील म्हनून थांबले मी."

नंतर त्यांनी मला राजीनामा लिहायला सांगितला. मी नको म्हणाले, समजावलं, मंडळावर राहूनच लढता येईल म्हणाले. त्या ऐकून घेत होत्या, पहिल्या दिवशी चुलीपाशी ऐकत होत्या तशा. शेवटी मी कागद काढला आणि चार ओळी लिहिल्या.

"वाच."

मी वाचलं.

"थांब. परत वाच."

परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, शब्दाशब्दावर बोट ठेवून. मग मी पेन पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही. उठून आत गेल्या, तव्याच्या बुडावर अंगठा घासून आल्या आणि कागदावर उठवला. काळाभोर, नीट, रेघा न् रेघा दिसणारा.

"मावशी, सही करा ना. येते तुम्हाला."

"ती तू शिकवल्याली," त्या म्हणाल्या. "ह्यो माझा हाये." आणि राखेने अंगठा घासत ओट्याच्या कडेला जाऊन बसल्या.

कागद मी ऑफिसात नेला. चेअरमनने पाहिला आणि परत माझ्याकडे सरकवला. "बाईला सही येती, रेकॉर्डला सही हाये. अंगठा चालायचा न्हाई मॅडम. सही घेऊन या." मी म्हणाले, मी आणणार नाही. तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या. यादीत बाया लागत्यातच."

म्हणून मावशी अजून संचालक आहेत. ऑफिसाच्या भिंतीवरच्या बोर्डावर त्यांचं नाव आहे, चार बायांतलं तिसरं. राजीनामा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वर्ग मी अजून घेते, वेगळ्या गावात, वेगळ्या बायांचा. टॉवेल खांद्यावर टाकून चेअरमन व्हायचं सोडलंय. ठराव मी माझ्या स्वतःच्या आवाजात वाचते, मुद्दाम भराभरा, आणि बाया गप्प राहिल्या तर त्यांच्याकडे बघत थांबते. मागच्या आठवड्यात एकीने लाजत विचारलं, "बाई, तुमी सांगितलेलं बी परत वाचा म्हनायचं का?"

"माझं आधी," मी म्हणाले.

कंपनीचं रजिस्टर अजून फिरतं. आता दुसरं कुणीतरी ते वर वाडीत नेतं आणि तसंच परत आणतं. प्रत्येक नव्या पानावर मावशींच्या नावापुढची जागा रिकामी असते.